मॉर्फिनची सवय लागेल का?

प्रश्न : माझ्या ६ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. पाय फार दुखतात. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलंय, पण सवय लागेल या भीतीने तो कळवळला तरच देते. चुकतंय का?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, भीती वाटणं साहजिक आहे, पण डोस ठरल्या वेळीच द्या. दुखणं एकदा चढलं की आवरणं अवघड जातं. डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करू नका.

आणि रडण्याची वाट पाहू नका. आमच्या वॉर्डातली एक चिमुरडी बाहुलीचा पाय घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्हाला वाटायचं, झोपलीय. ती दुखणं सोसत होती. हे आठवलं की अजून जीव तुटतो.

मॉर्फिनने शौचाला खडा होतो. त्याचं औषध सोबतच मागून घ्या. आयब्युप्रोफेन हे दुखण्यावरचं दुसरं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. मूल हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा श्वास मंद वाटला, तर लगेच दवाखाना गाठा.