शेततळ्यातील रोहू-कटला वाढत नसतील, तर हार्मोनचे इंजेक्शन द्यावे का?

शेततळ्यातील रोहू आणि कटला वर्ष होत आले तरी पाव किलोच्या पुढे सरकत नाहीत, मग मत्स्यबीज केंद्रात देतात ते हार्मोनचे इंजेक्शन द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी मत्स्यशास्त्र शिकवतो आणि माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे.

ते इंजेक्शन प्रजननासाठी असते. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-कटलाच्या कुळातील) माशांकडून अंडी मिळवली, आणि नदीतून बीज गोळा करण्यावर विसंबलेली आपली मत्स्यशेती त्यामुळे बदलून गेली. त्या अर्काचा, किंवा हल्लीच्या तयार औषधांचा, परिणाम अंडाशय व वृषणावर होतो आणि काही तासांत संपतो. वाढीचा कारभार वेगळा आहे.

वाढीचे संप्रेरकही (हार्मोनही) पीयूषिकेतूनच स्रवते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्याला चालना देतो आणि सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक त्याला आवर घालते. हे संप्रेरक यकृताला आयजीएफ-१ नावाचा घटक तयार करायला लावते आणि स्नायू व हाडे प्रामुख्याने त्या घटकामुळे वाढतात. येथेच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे, कारण उपाशी किंवा अर्धपोटी माशाच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक कमी होण्याऐवजी बहुधा वाढलेले आढळते, मात्र यकृत त्याला दाद देईनासे होते, आयजीएफ-१ घटते आणि वाढलेले संप्रेरक साठवलेली चरबी वापरून मासा जिवंत ठेवण्याच्या कामी लागते. अशा माशाला बाहेरून आणखी संप्रेरक दिल्याने अन्नाची उणीव भरून निघत नाही. पुन्हा पोटभर प्रथिनयुक्त खाद्य मिळाले, की हीच साखळी जोमाने सुरू होते. आंध्र प्रदेशातील मत्स्यशेतकरी दाटीत वाढ रोखून ठेवलेली मोठी बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) तळ्यात सोडतात, ती याच भरपाईच्या वाढीच्या भरवशावर.

दुसरा अडथळा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा. गर्दी, पहाटे खालावणारा प्राणवायू किंवा वारंवार ओढलेले जाळे यांमुळे ते वाढते, मासा खाणे कमी करतो आणि खाल्लेलेही अंगी लागत नाही. थंडीत कार्पची भूक मंदावते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत वजन न वाढणे हा दोष मानू नये.

तेव्हा प्रथम तळ्यात नेमके किती मासे उरले आहेत याचा अंदाज घ्या, कारण प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात मातीचा तळ नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी असते आणि दाटी लवकर जाणवते. जास्तीचे मासे काढून घ्या, सूर्योदयापूर्वी प्राणवायू मोजा आणि खाद्याचे प्रमाण दर महिन्याला नमुन्याच्या वजनानुसार ठरवा.