थंडीत शुगरवाल्यानं पाय शेकोटीजवळ नेऊ नये

भाऊ, पायाची जाणीव कमी झाली की चटका कळतच नाही, सकाळी थेट फोड दिसतो. म्हणून शेकोटी, गरम पाण्याची पिशवी बंद. ऊब हवी तर सैल सुती मोजे घाला. धुवायचं पाणी कोपरानं तपासा, कोमटच हवं. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तिथं ओल राहिली की चिखल्या होतात. खोबरेल टाचेला लावा, बेचक्यांत नको. भेगा ब्लेडनं कोरू नका.

रात्री हरभऱ्याला ओलित करायला जाताना बंद बूट घाला, पण आधी झटकून आत हात फिरवा; पऱ्हाटीचं काडूक, खडा निघतो. घरी आल्यावर आरशात तळवे बघा. जखम, लाली, सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद भरून वाट पाहू नका.