सात बाटल्या आणि एक गोळी

प्रिय मित्रा,

तुझा तक्ता मिळाला. केस गळतात म्हणून फिनास्टेराइडची १ मिग्रॅ.ची गोळी सुरू करून सहा आठवडे झालेत. चौथ्या आठवड्यात कामेच्छा कमी झाल्यासारखी वाटली आणि पुढच्या पंधरा दिवसांत घरात सात बाटल्या आल्या: सॉ पाल्मेटो (एका वनस्पतीचा अर्क), झिंक, बायोटिन (एक बी जीवनसत्त्व), ग्रीन टीचा अर्क, मिऱ्यातलं पिपरीन घातलेलं हळदीतलं कर्क्युमिन, भोपळ्याच्या बियांचं तेल आणि ज्येष्ठमध. खाली प्रश्न, ‘यातलं काय साइड इफेक्ट कमी करेल?’

आता ते कुणालाच सांगता येणार नाही. बाटल्या वाईट आहेत म्हणून नाही, तू सगळ्या एकदम उघडल्यास म्हणून. उद्या बरं वाटलं तर श्रेय कुणाला देणार? मळमळ झाली तर दोष कुणाचा? एका वेळी एकच गोष्ट बदल. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळलास तरी.

आधी गोळी नेमकं काय करते ते नीट बघ, म्हणजे निम्म्या बाटल्या आपोआप गळून पडतील. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (डोक्यावरचे केस विरळ करणारं हार्मोन) करणारं ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम आहे, त्याच्या दुसऱ्या प्रकाराला फिनास्टेराइड घट्ट चिकटतं. रक्तातून औषध पाच-सहा तासांत निम्मं होतं, पण एन्झाइमला बसलेली पकड सुटायला आठवडे लागतात. म्हणून गोळी सकाळी घेतलीस की रात्री, जेवणाआधी की नंतर, याने काही फरक पडत नाही. डोसाचं गणितही सरळ नाही. ०.२ मिग्रॅ.ने रक्तातलं डीएचटी सुमारे ६८ टक्के उतरतं आणि १ मिग्रॅ.ने सुमारे ७१. पाचपट डोस आणि फरक तीन टक्क्यांचा. यातून दोन गोष्टी निघतात. एखाद्या पदार्थाने गोळीची रक्तातली पातळी थोडी वरखाली झाली तरी परिणाम जवळजवळ तिथेच राहतो. आणि गोळीचे चार तुकडे करून एक खाल्ला तर साइड इफेक्ट चौथाई होतील, हा हिशेब चुकीचा आहे. (तुकडे करतच असशील तर ती पूड गरोदर स्त्रीच्या हाताला लागू देऊ नकोस. मुलग्याच्या गर्भाला त्यातून धोका असतो.)

आता ग्रेपफ्रूट. त्यातली फ्युरॅनोकुमारिन्स नावाची रसायनं आतड्यातलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम निकामी करतात आणि तो परिणाम एक ते तीन दिवस टिकतो. फिनास्टेराइड याच एन्झाइमवाटे मोडतं, म्हणून लोक घाबरतात. वर सांगितलेल्या सपाट गणितामुळे या गोळीपुरतं ते भय फारसं लागू नाही. पिपरीनचंही तसंच, तेही हे एन्झाइम मंदावतं. पण जोडीला दुसरं एखादं औषध चालू असेल तर ही वाट अडवणं महागात पडू शकतं, तेव्हा सगळ्या औषधांची यादी घेऊन फार्मासिस्टकडे जा. उलट दिशेने काम करतं ते सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती. उदास वाटतं म्हणून लोक ते आणतात. ते एन्झाइमची संख्या वाढवून फिनास्टेराइड झपाट्याने बाहेर काढतं, आणि नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. ते तुझ्या यादीत नाही, हे बरं आहे.

सॉ पाल्मेटोवर मात्र मला चीड येते. हा अर्क साधारण ३२० मिग्रॅ. रोज घेतला जातो आणि त्याचा दावाच मुळी याच ५-अल्फा रिडक्टेजला अडवण्याचा आहे. भोपळ्याच्या बियांच्या तेलाबद्दलही तेच सांगतात. म्हणजे डीएचटी उतरल्याने त्रास होतोय असं तुला वाटतं, आणि उपाय म्हणून तू डीएचटी आणखी उतरवणारं शोधून आणलंस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असंही म्हणता येत नाही. इथे म्हशीलाच दुसरं इंजेक्शन दिलंय. ‘नैसर्गिक’ या शब्दाने एन्झाइम फसत नाही. ही दोन्ही आजच बंद.

झिंक तू ५० मिग्रॅ. घेतोयस, तेही उपाशीपोटी. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४० मिग्रॅ. धरतात. महिनोन्‌महिने त्यावर गेलं की तांब्याचं शोषण अडतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. उपाशीपोटी घेतलेल्या झिंकने मळमळ तर ठरलेलीच. तुझ्या तक्त्यात ‘सकाळी मळमळ’ फिनास्टेराइडच्या रकान्यात लिहिलीयस. तारीख बघ. ज्या दिवशी झिंक सुरू झालं त्याच दिवशी मळमळही सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलली असतीस तर ही नोंद आपोआप योग्य रकान्यात पडली असती.

ग्रीन टीच्या कॅप्सूलमधलं ईजीसीजी (चहातलं मुख्य क्रियाशील द्रव्य) आणि कपातला चहा यांना एकाच मापाने मोजू नकोस. सप्लिमेंटमधून रोज ८०० मिग्रॅ. किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांमध्ये यकृताची एन्झाइम वाढल्याचं २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने नोंदवलंय. पिपरीनसोबतच्या कर्क्युमिननेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फिनास्टेराइड यकृतातच मोडतं. म्हणजे एकाच दारातून तिघांना आत ढकलतोयस. लघवी गडद झाली, डोळे पिवळट दिसले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा अंगाला खाज सुटली, तर सप्लिमेंट थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

बायोटिनचा तोटा वेगळाच आहे. ते तपासण्या बिघडवतं. प्रौढांची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आणि तुझ्या बाटलीवर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. पुष्कळ प्रयोगशाळांच्या हार्मोन चाचण्या बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडणीवर चालतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की थायरॉइडच्या चाचणीतलं टीएसएच खोटं कमी दिसतं, थायरॉइडचं टी४ हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त. रिपोर्टवर थायरॉइड जोरात चालल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते ठणठणीत असतं. तू पुढच्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन तपासायला निघालायस. बायोटिन निदान तीन दिवस आधी बंद कर, आणि नमुना देताना तिथे तोंडाने सांग की मी हे घेत होतो. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचं. आकडा थोडा वर आला तर दचकू नकोस, फिनास्टेराइडनेच टेस्टोस्टेरॉन थोडं वाढतं.

एक गोष्ट लिहायची की नाही, यावर अडखळलो. २००७ चा एक इटालियन अभ्यास आहे. प्रोस्टेटसाठी ५ मिग्रॅ. फिनास्टेराइड घेणाऱ्यांचे दोन गट केले होते. लैंगिक साइड इफेक्ट होऊ शकतात असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात तक्रारी ४३.६ टक्के निघाल्या. ज्यांना सांगितलं नाही, त्यांच्यात १५.३ टक्के. तुझा त्रास मनाचा खेळ आहे, असा याचा अर्थ काढू नकोस. न सांगितलेल्यांनाही त्रास झालाच होता. मला एवढंच दाखवायचंय की धास्तीसुद्धा एक बदल असतो, आणि सात बाटल्या म्हणजे सातपट धास्ती. त्यात अपुरी झोप आली. तरुण पुरुषांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरतं. तू तर रात्री दोनपर्यंत जागून साइड इफेक्टबद्दल वाचतोयस.

मन काळवंडलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखे विचार येत असतील, तर मात्र वही, प्रयोग, ‘एका वेळी एकच’ हे सगळं बाजूला. गोळी त्याच दिवशी थांबव, डॉक्टरांशी बोल आणि घरातल्या कुणाला तरी सांग. २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकांच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा साइड इफेक्ट असल्याचं मान्य केलं. हेच एन्झाइम मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन हे मन शांत ठेवणारं द्रव्य बनवण्याच्या साखळीतही असतं. एन्झाइम अडलं की ते कमी पडू शकतं, आणि ती कमतरता भरून काढणारी कॅप्सूल तुझ्या कुठल्याही बाटलीत नाही. छातीत गाठ लागली किंवा स्तनाग्रातून स्राव आला, तरी हेच कर.

शेवटी तू सहज लिहून टाकलंयस की केस वाढवण्यासाठी तोंडाने घ्यायचं मिनॉक्सिडिलही सुरू करावं म्हणतोस. अरे, थांब जरा! ते मूळचं रक्तदाबाचं औषध. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी वाढते, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. आता सातवी बाटली काढ, ज्येष्ठमधाची. त्यातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला रोखतं आणि त्यातून मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं. दोन्ही एकत्र आली की घोटे सुजणारच, आणि तू दोष देणार मिनॉक्सिडिलला. डॉक्टरांनी ते दिलंच तर आधी ज्येष्ठमध बंद, खारट पदार्थ कमी, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत कॉफी वाढवायची नाही, नाहीतर धडधड कशाची ते कळणार नाही. रोज सकाळी वजन आणि बसल्या नाडीचे ठोके लिही. नाडी नेहमीपेक्षा २० ठोक्यांनी वाढली किंवा थोड्या दिवसांत वजन दोन किलोंवर चढलं, तर फोन करायचा. आणि मिनॉक्सिडिल केसांच्या मुळांशी सल्फोट्रान्सफरेज एन्झाइमने जागं झाल्यावरच काम करतं. ॲस्पिरिनने ते एन्झाइम मंदावतं, प्रयोगशाळेत क्वेरसेटिन या वनस्पतींतल्या द्रव्यानेही. केसांसाठी म्हणून क्वेरसेटिनची आठवी बाटली आणायच्या आधी हे आठव.

तुला वाटेल, हा माणूस एकाच वाक्यावर अडून बसलाय. बसलोय. ज्यांना हे मी वेळेवर ठणकावून सांगायला हवं होतं आणि ‘करून बघ, काय बिघडतंय’ म्हणून सोडून दिलं, त्यांची टोचणी आहे. गोडीगुलाबीने सांगितलेलं कुणी पाळत नाही, म्हणून आता असा लिहितो.

तर हे कर. सातही बाटल्या खोक्यात भरून वर तारीख टाक. गोळी चालू ठेवायला डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज ठरलेल्या वेळी तेवढी एकच. चौदा दिवस वहीत पाच ओळी लिहायच्या: झोपेचे तास, सकाळची ताठरता होती की नाही, इच्छा दहापैकी किती, मन दहापैकी किती, कॉफी आणि दारू किती. सायंकाळी एकदाच लिहायचं, दिवसभर स्वतःला चाचपत बसायचं नाही. चौदा दिवसांनी त्रास तसाच असेल तर पुढचा बदल गोळीचा, तोही डॉक्टरांशी बोलून. थांबवल्यावर डीएचटी साधारण दोन आठवड्यांत मूळ पातळीला येतं, म्हणून निर्णयाआधी चार आठवडे वाट बघ. काहींना गोळी थांबवूनही त्रास राहिल्याची नोंद आहे, तसं वाटलं तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग. डुटास्टेराइडवर, म्हणजे याच एन्झाइमला अडवणाऱ्या दुसऱ्या गोळीवर, उडी मारू नकोस. ते रक्तात निम्मं व्हायलाच पाच आठवडे लागतात, आज बंद केलंस तरी ते महिनोन्‌महिने अंगात राहील.

आणि तुझ्या कर्क्युमिनच्या बाटलीचा मागचा भाग बघ. त्यावर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ६०० मिग्रॅ.’ एवढंच छापलंय, कशाचं किती ते नाही. ती खोक्यातसुद्धा ठेवू नकोस, टाकून दे. पंधराव्या दिवशी मला तक्ता पाठवू नकोस, वहीचे फोटो पाठव.

तुझा,
हट्टी मास्तर