लुक्लाला मोठं विमान का जात नाही?

लुक्ला म्हणजे नेपाळमधलं, एव्हरेस्टच्या वाटेवरचं विमानतळाचं गाव. प्रश्न बेळगावहून एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्याचा आहे, म्हणून आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळापासूनच सांगतो. तिथली धावपट्टी सुमारे २३०० मीटर, लुक्लाची जेमतेम ५२७. तीही चढणीची! एका टोकाला दरी, दुसरीकडे डोंगर. विमान चढावर उतरतं म्हणून लवकर थांबतं आणि उडताना उताराचा वेग घेऊन दरीकडे झेपावतं. उंची २८०० मीटरच्या वर, हवा विरळ, पंखांना उचल कमी. म्हणून तारा एअरसारख्या कंपन्या १९ आसनी ट्विन ऑटर वापरतात. शेवटच्या टप्प्यात पुन्हा वर घेऊन फेरी मारायला जागाच नाही.

सकाळचंच विमान घ्या. दुपारी ढग आंबोलीसारखे दाटतात. म्हणून दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवा. आणि बरोबर न्यायचा बेळगावी कुंदा (मिठाई) बेतानं भरा, सामान तोलून घेतात!