पुस्तकांच्या कपाटात आणि न्हाणीघरात दिसणाऱ्या कसरीचा बंदोबस्त कसा करावा?

आपण ठाण्यात तळमजल्यावर राहता, रात्री दिवा लावताच न्हाणीघरात आणि पुस्तकांच्या कपाटात रुपेरी किडे पळताना दिसतात, फवारणी करूनही ते परत आले आणि घरात तान्हे बाळ असल्यामुळे पुन्हा औषध मारून घ्यायला मन धजत नाही, असे आपण लिहिले आहे. वर्णनावरून ही कसर, म्हणजे सिल्व्हरफिश दिसते. एका लहान वाचनालयाच्या ग्रंथसंग्रहाची देखभाल मी पाहतो, त्यामुळे तिच्याशी माझा जुना परिचय आहे. बाळाची चिंता आधी दूर करतो: कसर चावत नाही, डंख मारत नाही आणि तिच्यामुळे कोणताही रोग पसरत असल्याचे आढळलेले नाही. क्वचित कोणाला तिच्या खवल्यांची व कातेची ॲलर्जी होऊ शकते, इतकेच.

ओल हटल्याशिवाय कसर हटत नाही आणि फवारणीने ओल हटत नाही, हे आपल्या अडचणीचे मूळ आहे. या किड्याला ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि २१ ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान विशेष मानवते. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यातल्या तळमजल्यावरच्या घरात, भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे त्याला हे आयतेच मिळते. अंडी अतिशय अरुंद फटींत घातलेली असल्यामुळे फवारा तिथपर्यंत पोचत नाही आणि काही आठवड्यांनी त्यांतून नवी पिल्ले बाहेर पडतात. त्यातच हा प्राणी अनेक वर्षे जगतो, प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतो आणि अन्नाविना कित्येक महिने तग धरतो, तेव्हा एका फवारणीने तो कायमचा नाहीसा होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्याचे मुख्य खाद्य पिष्ट आणि साखर. जुन्या बांधणीतली मैद्याची खळ, कांजी केलेल्या सुती साड्या, खोक्यांच्या पुठ्ठ्यातला डिंक, फोटोंवरचा जिलेटिनचा थर, सांडलेले पीठ, इतकेच काय पण डोक्यातला कोंडाही त्याला चालतो. कसरीने कागद खाल्ला की पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या दिसतात. पानांतून आरपार गोल भोके पडलेली असतील तर ते भुंग्याच्या अळीचे काम असते, आणि मातीचे पोकळ माग दिसले तर वाळवीचे. त्या दोहोंचे उपाय निराळे आहेत, म्हणून आधी हे पाहून घ्यावे.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, तळाशी अंथरलेली वर्तमानपत्रे काढून टाकावीत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे वापरावेत. स्वस्तातला एखादा आर्द्रतामापक घरात ठेवावा आणि काटा ६० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. भर पावसात खिडक्या उघडून हे साधत नाही, कारण बाहेरची हवा अधिक दमट असते. त्या दिवसांत वातानुकूलन यंत्राचा ‘ड्राय मोड’ किंवा कपाटात ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या उपयोगी पडतात. दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी ग्रंथ बाहेर काढण्याची आपल्याकडची चाल पाऊस ओसरण्याच्या सुमारास येते, ही सोयीची गोष्ट आहे. त्या निमित्ताने सगळे कपाट रिकामे करून प्रत्येक पुस्तक झटकून सावलीत वारे द्यावे.

किती कसर आहे हे कळण्यासाठी काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळून आत पावाचा तुकडा ठेवावा. खरखरीत पट्टीवरून किडा चढून आत पडतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला परत वर येता येत नाही. वॉश-बेसिनमध्ये सकाळी सापडणारे किडेही बहुधा असेच अडकलेले असतात, ते नळीतून वर आलेले नसतात.

लागण झालेली निवडक पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना किमान आठवडाभर ठेवल्यास किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण एक दिवस, पिशवी उघडू नये. नाहीतर बाष्प पुस्तकावरच साचते.

बोरिक पावडर परिणामकारक आहे, पण ती पोटात जाणे घातक असल्याने, रांगते मूल असलेल्या घरात ती फरशीवर न टाकता केवळ बंद फटींत आणि जड कपाटामागे अगदी पातळ थरात वापरावी. कॅरमची पावडर मात्र वापरू नये, कारण तिच्यात काही वेळा पिष्टच असते. डांबरगोळ्या आपल्या घरी मी मुळीच सुचवणार नाही: उघड्या कपाटात त्यांची वाफ टिकत नाही, आणि जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवण्यास हरकत नाही, मात्र पाला पूर्ण वाळलेला हवा, आणि एवढ्यावरच विसंबून राहू नये.

बरणीतली संख्या आठवड्याला टिपून ठेवावी. हिवाळ्यात, हवा कोरडी असतानाही ती कमी झाली नाही, तर कीटकनाशकवाल्याच्या आधी नळ-कारागिराला बोलावून न्हाणीघराच्या भिंतीतली नळी गळते का, ते तपासून घ्यावे.