अंगणातली जुनी डिझेल टाकी

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या बंगल्याच्या अंगणात जनरेटरची 500 लिटरची लोखंडी डिझेल टाकी पुरलेली आहे. 15 वर्षं वापर नाही. भंगारवाला म्हणतो, जाग्यावरच गॅस कटरने कापून नेतो. चालेल का?

उत्तर : अजिबात नको. टाकी रिकामी दिसली तरी तळाला गाळ असतो, पत्र्याला डिझेल चिकटलेलं असतं. थंड डिझेल सहजी पेटत नाही, पण कटरच्या आचेने त्याची वाफ होते आणि बंद टाकी फुटते. भरलेलीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, ती यामुळेच.

आधी हातपंपाने डिझेल पत्र्याच्या बॅरलमध्ये काढा. मग इंजिनकडची नळी सोडवा. तिच्यातही थोडं उरतं, खाली घमेलं ठेवा. झाकण उघडून गाळ लाकडी फावड्याने वरूनच ओढा, उरलेला लाकडाच्या भुशाने टिपा. आत माणूस उतरवायचा नाही, मग तो कितीही सराईत असो. गाळ गटारात ओतलात तर जयंती नाल्यातून पंचगंगेत जाणार. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच द्या.

टाकी अखंड उचला. पत्रा 3 मिमी असेल तर वजन साधारण 85-90 किलो, चेन पुलीने निघते. कापण्याआधी ती पाण्याने भरून घ्यायला भंगारवाल्याला बजावा. काम मेच्या आत उरका. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठलं की रिकामी टाकी तरंगते, नळ्या मोडतात.

खालची माती काळी, वास मारणारी निघाली तर टाकी गळत होती. ती माती ताडपत्रीवर वेगळी काढा आणि बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका.