'द ब्लॉक'मध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणारी जोडी शेवटी का हरते? सगळं आधीच ठरलेलं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला मुलीकडे आला आहात, जेवणं उरकली की सगळे मिळून चॅनल नाइनवर 'द ब्लॉक' बघता, म्हणजे जोड्या एकेक खोली करत घर सजवतात, परीक्षक गुण देतात आणि शेवटी घरांचा लिलाव होतो तो कार्यक्रम. ज्या जोडीच्या खोल्या परीक्षक दर रविवारी डोक्यावर घेतात, तिलाच लिलावाच्या दिवशी भोपळा मिळतो. जावई म्हणतात, सगळं लिहून ठेवलेलं असतं. खरं काय?

जावयांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण लिलावापुरतं तरी नाही. मी इथेच एका छोट्या बिल्डरकडे खर्चाचे अंदाज काढायचं काम करतो आणि घरी हा कार्यक्रम चुकत नाही, त्यामुळे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे गुणांचा आणि शेवटच्या पैशांचा जवळजवळ संबंधच नाही. त्या आठवड्याची खोली जिंकली की साधारण 10,000 डॉलर मिळतात, आणि ते बहुतेक वेळा पुढच्याच खोलीत जिरतात. खरा हिशोब लिलावात. प्रत्येक घराला एक राखीव किंमत ठरवलेली असते, म्हणजे त्याखाली घर विकायचं नाही अशी रक्कम. तिच्यावर जे येईल ते जोडीचं, आणि सगळ्यात जास्त नफा ज्यांचा त्यांना वर एक लाख डॉलर. बोली राखीव किमतीपर्यंत पोचलीच नाही तर त्या दिवशी हातात काही नाही, मग आधी कितीही दहापैकी दहा मिळालेले असोत. पंगतीत जेवणाची तारीफ करणारे वेगळे आणि आचाऱ्याचे पैसे चुकवणारा वेगळा, तसंच हे.

आणि तारीफ करणारे कोण, तेही बघा. शायना ब्लेझ आणि डॅरेन पामर हे अंतर्गत सजावटीतले. 2022 पर्यंत परीक्षक असलेले नील व्हिटेकर तर 'व्होग लिव्हिंग' आणि 'बेल' या मासिकांचे संपादक होते. त्यांची नजर जाते ती रंगसंगतीवर, उशांवर, भिंतीवरच्या चित्रावर. विकत घेणारा माणूस विचारतो, गाड्या किती मावतील, मागचं अंगण कुठल्या दिशेला आहे, आणि शेजारच्या घरापेक्षा हे महाग का? सुरुवातीच्या काही हंगामांत जॉन मॅकग्रा हे घरविक्रीतलं मोठं नाव परीक्षक होतं, तेव्हा बाजाराची भाषा थोडी तरी ऐकू यायची. अलीकडे व्हिटेकरांच्या जागी मार्टी फॉक्स आला, तोही घरविक्रीचा एजंटच. पण तीन गुणांच्या बेरजेत त्याचं मत बुडून जातं.

आता 2022 चा हंगाम घ्या, मेलबर्नजवळच्या गिस्बर्नचा. आपल्याकडचे बरेच जण त्या वर्षी शॅरन जोहाल आणि अंकुर डोगरा यांच्या बाजूने होते, कारण उघड आहे. पाच मोठाली घरं, मोकळी जमीन, राखीव किंमत 40 लाख 80 हजार डॉलर. ओमर आणि ऑझ या जोडीचं घर 56 लाख 66 हजार 666 डॉलर आणि 66 सेंटला गेलं. हो, सेंटसुद्धा. घेणारा डॅनी वॉलिस, आयटीत पैसा केलेला, या कार्यक्रमातली घरं हौसेने विकत घेणारा माणूस. ओमर-ऑझना पंधरा लाखांवर नफा. त्याच दिवशी दोन घरं विकलीच गेली नाहीत, आणि त्यांतलं एक शॅरन-अंकुरचं. त्यांचं घर दुसऱ्यापेक्षा पंधरा लाखांनी वाईट होतं का? मुळीच नाही. गिस्बर्नसारख्या गावात चाळीस लाखांच्या वर बोली लावणारे असतात किती? दोन-तीन. त्यांतल्या एकाचं घर घेऊन झालं की मागे राहिलेल्यांसाठी अंगण रिकामं. म्हणून लिलावाचा क्रम ठरवायचा हक्क मिळवायला जोड्या एवढा जीव काढतात. तो क्रम ठरतो तो भाग लोक कंटाळून सोडतात, माझ्या मते तो अख्ख्या हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा.

2024 चा फिलिप आयलंडचा हंगाम त्याहून बोलका. मॅडी आणि शार्लट या बहिणी मूळ पाच जोड्यांत नव्हत्याच. एक जोडी मध्येच सोडून गेली म्हणून त्यांना आणलं, आणि शेवटी जिंकल्या त्याच. पाचही घरं मात्र एकाच माणसाने घेतली: एड्रियन पोर्टेली, सदस्यांना सोडतीत गाड्या आणि घरं वाटणाऱ्या कंपनीचा मालक. पाच घरांचे मिळून दीड कोटी डॉलर. त्याला तिथे राहायचं नव्हतं, त्याला घर हवं होतं जाहिरातीला आणि सोडतीला. गिऱ्हाईकच असलं की न्हाणीघरातल्या फरशीला किती गुण मिळाले होते हे कोण विचारतो? शिवाय लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या मागचा दुसरा माणूस कुठवर ताणतो त्यावर ती ठरते. दोन पैसेवाले एकमेकांशी इरेला पेटले तर साधं घरही कुठल्या कुठे जातं.

उलटंही झालं आहे. 2011 च्या हंगामात मेलबर्नच्या रिचमंड भागातली चारपैकी तीन घरं लिलावात पडून राहिली होती. बाजार थंड होता, एवढंच. पुढे ती विकली गेली, पण टीव्हीवर ती पडेल चेहऱ्यांची संध्याकाळ सगळ्यांनी पाहिली. लिलाव आधीच ठरवता आला असता तर कुठल्याही वाहिनीने असा शेवट ठरवला नसता.

इथला कायदाही जाणून घ्या, म्हणजे बोली लावणारे इतके कमी का ते कळेल. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, लिलावात घर घेतलं की नंतर मन बदलायची सोय नसते. एरवी खासगी व्यवहारात कामकाजाचे तीन दिवस मिळतात, लिलावात नाही. हातोडा पडला की सही आणि सहसा दहा टक्के रक्कम तिथल्या तिथे. चाळीस लाखांचे दहा टक्के म्हणजे चार लाख डॉलर त्याच दुपारी. नोकरदार माणूस कर्जाची कागदपत्रं होईपर्यंत थांबतो, या खेळात त्याला जागा नाही.

मग खोटं काहीच नाही का? आहे की. वेळ. एका आठवड्यात न्हाणीघर! माझ्या कामात ग्राहक हेच विचारतात, "टीव्हीवर तर सात दिवसांत होतं." प्रत्यक्षात चौकट, नळांच्या आणि विजेच्या लाइन, मग बोर्ड, मग वॉटरप्रूफिंग. ते रबरासारखं द्रावण शॉवरच्या कोपऱ्यांत पट्टी बसवून फिरवायचं, पहिला हात वाळू द्यायचा, मग दुसरा, तोही वाळू द्यायचा, आणि मगच फरशी. मेलबर्नच्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ते वाळता वाळत नाही. पहिल्या हातावर बोट लावून बघितलं आणि चिकटलं, तर त्या दिवशी फरशीवाल्याला घरी पाठवायचं, दुसरा इलाज नाही. नीट करायचं तर तीन-चार आठवडे सहज जातात. टीव्हीवर ते जमतं, कारण प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाले रांगेत उभे असतात आणि साहित्य वेळेवर दारात येतं. परवाना लागणारं काम स्पर्धक करतच नाहीत, ते करू शकत नाहीत. रात्री दोनला ब्रश घेऊन रडणारी जोडी दिसते तेव्हा कठीण काम बहुधा दुपारीच कोणीतरी उरकलेलं असतं. कीथ आणि डॅन हे फोरमन मधूनमधून काम थांबवून जे खडसावतात, तो मला या कार्यक्रमातला सगळ्यात खरा भाग वाटतो.

दुसरं म्हणजे, आखणी असतेच. कुठल्या आठवड्याला कुठली खोली, कुठलं आव्हान, हे आधी ठरलेलं असतं. 2021 मध्ये त्या वेळापत्रकाच्या फळ्याचा फोटो काही स्पर्धकांच्या हाती लागला आणि केवढा गदारोळ झाला. आता विचार करा, निकालच ठरलेला असता तर वेळापत्रक चोरून कोणाला काय मिळणार होतं? ठरलेली असतात ती भांडणाला पोषक परिस्थिती, आणि नंतर कात्री. शेकडो तासांच्या चित्रणातून कोणाचं कुठलं तोंड दाखवायचं हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. 'हाऊस रूल्स' हा चॅनल सेव्हनचा असाच कार्यक्रम होता. त्यातल्या एका स्पर्धक बाईंनी आपल्याला खलनायिका दाखवल्यामुळे मानसिक त्रास झाला म्हणून दाद मागितली, आणि 2019 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या कामगार भरपाई आयोगाने त्या वाहिनीच्या कर्मचारीच होत्या असं मानलं. जावयांना हे जरूर सांगा, त्यांचा संशय अगदीच हवेत नाही.

आता तुमच्यासाठी बघायची पद्धत सांगतो. लिलावाच्या भागात जोड्यांच्या चेहऱ्यांकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त बघा. बोली लावणारे किती आहेत ते पहिल्या घराला मोजा, तिसऱ्या घराला पुन्हा मोजा. लिलाव करणारा "विक्रेत्याची बोली" म्हणाला की समजा, समोरून कोणी हलत नाहीये आणि तो स्वतःच गाडी ढकलतोय. इथे ते कायद्याने चालतं, फक्त मोठ्याने जाहीर करावं लागतं. टीव्हीवर ते कापलेलं असलं तर मुलीला शनिवारी सकाळी जवळपासच्या कुठल्याही लिलावाला न्यायला सांगा. फुटपाथवरच होतो, बघ्यांना कोणी हटकत नाही, शेजारीपाजारी कॉफीचे कप घेऊन उभे असतात. फक्त माशी हाकलायला हात फार वर नेऊ नका.